मौलाना हसरत मोहानी : संविधानावर सही न करणारा स्वातंत्र्यसैनिक

मोर्चा कुठलाही असो, शेतकऱ्यांचा, अंगणवाडी ताईंचा की गिरणी कामगारांच्या घरांचा, एक घोषणा त्यात हमखास ऐकू येते. इन्किलाब जिंदाबाद. ही घोषणा कुणाची, असं मुलांना विचारलं तर बहुतेक मुलं भगतसिंगांचं नाव घेतात. तेही चूक नाही. 1929 मध्ये दिल्लीच्या असेंब्लीत बाँब टाकून भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी ही घोषणा दिली आणि ती देशभर गेली. पण हे दोन शब्द त्याआधी आठ वर्षं, 1921 मध्ये, एका मौलानांनी दिले होते. त्यांच्याच एका गझलेवर आपल्या घरातली मोठी माणसं आजही फिदा आहेत. गुलाम अलींनी गायलेली, 1982 च्या 'निकाह' चित्रपटात सगळ्यांनी ऐकलेली ती चोरून आसवं ढाळण्याची गझल. गझल पाठ आहे, घोषणा पाठ आहे, माणूस मात्र आठवत नाही, अशी आपली गत आहे.

हा माणूस म्हणजे मौलाना हसरत मोहानी. मूळ नाव सय्यद फजलुल हसन. उत्तर प्रदेशात उन्नाव जिल्ह्यात मोहान नावाचा कसबा आहे, तिथला जन्म, म्हणून मोहानी. हसरत हा शायरीतला तखल्लुस. 1857 च्या उठावानंतर वीसेक वर्षांनी जन्मलेली ही पिढी. लखनौ आणि कानपूर या दोन्ही शहरांत उठावानंतर काय झालं, ते घरातल्या बुजुर्गांच्या तोंडून ऐकत हे पोर वाढलं.

अभ्यासात हुशार, विशेषतः गणितात. शिष्यवृत्ती मिळवून ते अलीगढच्या एम.ए.ओ. कॉलेजात दाखल झाले. तिथली मुलं सुटाबुटातली, क्रिकेट खेळणारी. त्यांच्यात हे जुन्या वळणाचे कपडे घालून, हातात पानदान घेऊन उतरले, तेव्हा मुलांनी त्यांचं नाव 'खाला' ठेवलं असं सांगतात. खाला म्हणजे मावशी. पण महिन्या-दोन महिन्यांत मुशायऱ्यात आणि वादविवादात या मावशीबाईंनी भल्याभल्यांना गप्प केलं.

अलीगढचं वातावरण लक्षात घेतलं पाहिजे. कॉलेजचे संस्थापक सर सय्यद अहमद खान यांनी मुसलमानांना काँग्रेसपासून दूर राहायला सांगितलं होतं. आधी शिका, सरकारशी भांडण नको, हा त्यांचा हिशेब. 1857 मध्ये दिल्लीचे मुसलमान कसे चिरडले गेले, हे त्यांनी पाहिलं होतं. तो हिशेब भ्याडपणाचा होता असं आम्ही म्हणणार नाही. पण हसरत त्या हिशेबात बसणारे नव्हते. 1903 मध्ये बी.ए. झाल्यावर सरकारी नोकरीचा दरवाजा उघडा असताना त्यांनी 'उर्दू-ए-मुअल्ला' नावाचं मासिक काढलं, त्यात शायरीबरोबर राजकारण छापलं आणि थेट काँग्रेसमध्ये गेले. त्यातही जहाल गटात. त्यांनी राजकारणातला आपला गुरू मानला तो पुण्याचा माणूस, लोकमान्य टिळक.

इथे आपल्या वाचकांपैकी काहींच्या भुवया उंचावतील. टिळकांच्या गणेशोत्सवाबद्दल, त्यांच्या राजकारणातल्या धर्माच्या वापराबद्दल महाराष्ट्रातल्या मुसलमानांत नाराजी होती आणि आजही चर्चा होते. पण याच टिळकांनी पुढे 1916 च्या लखनौ करारात मुसलमानांच्या स्वतंत्र मतदारसंघांना पाठिंबा दिला, हेही तितकंच खरं. हसरत यांना टिळकांमध्ये दिसला तो इंग्रजांपुढे न झुकणारा माणूस. 1907 च्या सुरत अधिवेशनात काँग्रेस फुटली तेव्हा हसरत टिळकांच्या बाजूने बाहेर पडले.

मग 1908 साल उजाडलं. 'उर्दू-ए-मुअल्ला'त इजिप्तमधल्या इंग्रजांच्या शैक्षणिक धोरणावर एक कडक लेख आला. लेखकाचं नाव छापलेलं नव्हतं. पोलीस आले, नाव विचारलं. हसरत यांनी नाव सांगितलं नाही, जबाबदारी माझी म्हणाले. जून महिन्यात राजद्रोहाखाली अटक झाली. त्याच जून महिन्यात मुंबईत टिळकांनाही राजद्रोहाखाली पकडलं. गुरूला सहा वर्षं मंडालेला पाठवलं. चेल्याला दोन वर्षं सक्तमजुरी आणि पाचशे रुपये दंड. दंड भरायला पैसे नव्हते, म्हणून त्यांनी जिवापाड जमवलेली पुस्तकं जप्त होऊन कवडीमोल भावात विकली गेली. जुन्या शायरांची हस्तलिखितं त्यात होती. शिक्षेपेक्षा या नुकसानीचा घाव मोठा असावा, असं आम्हाला वाटतं.

शिक्षा पुढे कमी झाली आणि सुमारे वर्षभराने ते सुटले. पण ते वर्ष साधं नव्हतं. राजकीय कैद्यांना वेगळी वागणूक मिळायचे दिवस नव्हते. चोर-दरोडेखोरांच्या बरोबरीने ठेवायचे. अलाहाबादजवळच्या नैनी तुरुंगात त्यांच्या वाट्याला जातं आलं. रोज मणभर धान्य दळायचं. रमजान आला तेव्हाही जातं थांबलं नाही. आपल्या आजीने जातं ओढलेलं ज्यांनी पाहिलंय, त्यांना पायलीभर दळणाला काय घाम फुटतो ते माहीत आहे. इथे मणभर, आणि दळणारा शायर. दळता दळता ते मनात शेर रचत राहिले. लिहायला कागद नाही, म्हणून पाठ करून ठेवायचे. ही सगळी हकीकत त्यांनी सुटल्यावर 'मुशाहदात-ए-जिंदाँ' या नावाने लिहिली. त्यात तक्रारीचा सूर फारसा नाही.

आता ज्यांच्याशिवाय हसरत यांची गोष्ट अर्धी राहते, त्यांच्याबद्दल बोलू. बेगम निशातुन्निसा. पहिल्या अटकेच्या वेळी घरात लहानगी मुलगी नईमा तापाने फणफणली होती. घरात दुसरा कर्ता पुरुष नाही. अशा वेळी बेगमनी तुरुंगात जे पत्र पाठवलं त्यात रडगाणं नव्हतं. घराची काळजी करू नका, मजबूत राहा, कमजोरी दाखवू नका, असा त्याचा मतलब होता. उर्दू-फारसी शिकलेल्या या बाईंनी पुढे मासिकाचं काम पाहिलं, नवऱ्याच्या खटल्यांसाठी धावपळ केली, वर्तमानपत्रांना पत्रं लिहिली. कुणी पैशाची मदत देऊ केली तर ती घेतली नाही. घरात पडून असलेली आमची पुस्तकं विकत घ्या, तीच मदत, असं सुचवलं. 1917 मध्ये भारतमंत्री माँटेग्यू हिंदुस्तानात आले तेव्हा सरोजिनी नायडूंच्या पुढाकाराने महिलांचं जे शिष्टमंडळ त्यांना भेटलं, त्यात बेगम हसरत मोहानी होत्या. त्या काळात शरीफ घराण्यातली मुस्लिम बाई बुरख्याशिवाय सभेत जाते म्हणजे काय गहजब झाला असेल! बेगम गेल्या. अंगावर खादी, डोक्यावर पदर. आपल्याकडे मुलींना मिसाल द्यायची झाली की आपण फार लांबची नावं शोधतो. हे नाव जवळचं आहे. 1937 मध्ये त्यांचं इंतकाल झालं.

पुन्हा मौलानांकडे. तुरुंगातून सुटल्यावर मासिक पुन्हा सुरू झालं, तर सरकारने छापखान्याकडून इतका मोठा जामीन मागितला की ते बंद करावं लागलं. मग त्यांनी अलीगढमध्ये स्वदेशी मालाचं दुकान टाकलं. हातमागाचं कापड विकायचे. मौलाना शिबली नोमानी यांनी त्यांची थट्टा केली, की आधी शायर होतात, मग राजकारणी झालात, आता बनिया झालात, तुम्ही माणूस आहात की जिन! पुढे कानपूरला गेल्यावर तिथेही दुकान काढलं. गांधीजींची खादी घराघरात पोचायच्या आधीची ही गोष्ट आहे.

1916 मध्ये पुन्हा नजरकैदेचा हुकूम आला. त्यांनी हुकूम मानायलाच नकार दिला आणि नजरकैदेऐवजी तुरुंग ओढवून घेतला.

गांधीजींशी मौलानांचं नातं मोठं मजेशीर होतं. एकमेकांबद्दल आदर आणि जवळजवळ प्रत्येक मुद्द्यावर मतभेद. नोव्हेंबर 1919 मध्ये दिल्लीत खिलाफत परिषद भरली. हसरत यांचा आग्रह होता की नुसतं स्वदेशी-स्वदेशी करून चालणार नाही, इंग्रजी मालावर बहिष्कार घाला. गांधीजींना ते पटत नव्हतं. पण नुसता विरोध करून लोकांचं समाधान होणार नाही, दुसरं काहीतरी ठोस द्यायला हवं, हेही त्यांना कळत होतं. हिंदी-उर्दूत योग्य शब्द सुचेना, तेव्हा भाषणात त्यांच्या तोंडून इंग्रजी शब्द आला, नॉन-कोऑपरेशन. असहकार. गांधीजींनी हा प्रसंग स्वतःच्या आत्मकथेत लिहून ठेवला आहे. शाळेच्या पुस्तकात असहकार चळवळ असते, पण तो शब्द कोणाच्या रेट्यामुळे बाहेर पडला ते नसतं.

1 ऑगस्ट 1920 ला टिळक गेले. हसरत यांनी उर्दूत त्यांचा शोक करणारी कविता लिहिली. अलीगढचा मौलवी, पुण्याच्या ब्राह्मण नेत्यासाठी. दोघांनाही आज आपापल्या समाजाच्या चौकटीत बंद करणाऱ्यांची मोठी अडचण होईल अशी ती कविता आहे.

आणि मग डिसेंबर 1921, अहमदाबाद. काँग्रेसचं अधिवेशन. नियोजित अध्यक्ष चित्तरंजन दास तुरुंगात, म्हणून हकीम अजमल खान अध्यक्षस्थानी. काँग्रेसचं ध्येय तोपर्यंत 'स्वराज्य' होतं, पण स्वराज्य म्हणजे नेमकं काय, साम्राज्यात राहून की बाहेर पडून, हे मोघम ठेवलं होतं. हसरत उभे राहिले आणि त्यांनी ठराव मांडला : परकीय सत्तेपासून पूर्ण मुक्त, संपूर्ण स्वातंत्र्य. तरुण प्रतिनिधींमध्ये उत्साह पसरला. त्यांना पाठिंबा देणाऱ्यांत पुढे काकोरी खटल्यात फाशी गेलेले रामप्रसाद बिस्मिल आणि अशफाकउल्ला खान होते. गांधीजींनी विरोध केला. ज्या पाण्याची खोली माहीत नाही त्यात आपण उतरू नये, असा त्यांचा मुद्दा होता. ठराव पडला.

त्याच शहरात, त्याच आठवड्यात मुस्लिम लीगचं अधिवेशन होतं आणि त्याचे अध्यक्ष होते स्वतः हसरत. काँग्रेसमध्ये जे हरले तेच त्यांनी इथल्या अध्यक्षीय भाषणात पुन्हा मांडलं. 1 जानेवारी 1922 पासून हिंदुस्तानने स्वतःला प्रजासत्ताक म्हणून जाहीर करावं, असं सांगितलं. इथेही लीगच्या पुढाऱ्यांनी हात वर केले. सरकारने मात्र भाषण गंभीरपणे घेतलं. एप्रिलमध्ये अटक, खटला, राजद्रोहाची शिक्षा आणि रवानगी पुण्याच्या येरवडा तुरुंगात. गुरूच्या शहरात मौलाना पोचले ते असे, कैदी म्हणून. गांधीजीही तेव्हा येरवड्यातच होते. ज्यांनी ठराव पाडला आणि ज्यांनी मांडला, दोघे एकाच भिंतीच्या आत. 1924 मध्ये मौलाना सुटले.

अहमदाबादला पडलेला तो ठराव काँग्रेसने मान्य केला डिसेंबर 1929 मध्ये, लाहोरला रावीच्या काठी, जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली. मधे आठ वर्षं गेली. 26 जानेवारी ही तारीख त्या लाहोरच्या ठरावातून आली. आपण दरवर्षी प्रजासत्ताक दिनाला मदरशात, शाळेत, मोहल्ल्यात झेंडा फडकवतो. त्या दिवसाचा धागा मागे मागे नेला तर अहमदाबादच्या मांडवातल्या त्या हरलेल्या ठरावापर्यंत जातो.

1925 मध्ये कानपूरला देशातली पहिली कम्युनिस्ट परिषद भरली, तिचे स्वागताध्यक्ष मौलाना हसरत मोहानी होते. पाच वेळची नमाज, फिरंगी महलच्या बुजुर्गांच्या हातावर बैअत, कादरी सिलसिल्याचे मुरीद आणि कम्युनिस्ट परिषदेचे स्वागताध्यक्ष! लोक गोंधळून जायचे. त्यांना स्वतःला काहीच गोंधळ वाटत नव्हता. जकात देणाऱ्या, व्याज हराम मानणाऱ्या दीनला मजुराचा हक्क मागणारं राजकारण परकं का वाटावं, अशी त्यांची धारणा. स्वतःला ते सूफी म्हणत, मोमिन म्हणत आणि साम्यवादीही म्हणत. आणखी एक गोष्ट. जमेल तेव्हा जन्माष्टमीला मथुरेला जायचे, आणि श्रीकृष्णाच्या प्रेमावर त्यांनी अवधी वळणाच्या बोलीत रचना केल्या. त्याच माणसाने दहाहून अधिक वेळा हज केला. आज हे दोन्ही एका वाक्यात लिहिताना आमचाच हात जरा थबकतो, तेव्हा कोण बदललंय याचा विचार करायला हवा.

1928 च्या नेहरू अहवालात साम्राज्यांतर्गत वसाहतीचा दर्जा मागितला गेला, तेव्हा मौलानांचं काँग्रेसशी बिनसलं ते कायमचंच. पुढे ते मुस्लिम लीगमध्ये राहिले. 1946 मध्ये लीगच्याच तिकिटावर निवडून येऊन ते संविधान सभेत गेले. हे झाकून ठेवण्यात काही अर्थ नाही. अशा लेखांत हा भाग गाळण्याची पद्धत पडली आहे, आणि मग कुणी तो बाहेर काढला की आपली मुलं गप्प होतात. लीगमध्ये असतानाही ते जिनांशी भांडत होते. देशाचे तुकडे न करता स्वायत्त प्रांतांचा संघ व्हावा, असं त्यांच्या मनात होतं. फाळणी झाली. लीगचे कितीतरी मोठे पुढारी कराचीला गेले. मौलाना गेले नाहीत. कानपूरचं घर सोडलं नाही. मागे राहिलेल्या मुसलमानांच्या वतीने संविधान सभेत जाऊन बसत राहिले.

वय सत्तरीच्या आसपास. मळकट शेरवानी, जुनी तुर्की टोपी, हातात एक लोटा आणि गाठोडं. रेल्वेच्या तिसऱ्या वर्गातून दिल्लीला यायचे. सरकारी भत्ता घ्यायचे नाहीत, मशिदीत मुक्काम करायचे, असं त्यांना ओळखणाऱ्यांनी लिहून ठेवलं आहे. सभेत मात्र हा म्हातारा कुणालाच सुखाने बसू देत नव्हता. नोव्हेंबर 1948 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मसुदा मांडला, त्याच दिवशी मौलानांनी हरकत घेतली. ही सभा प्रौढ मतदानाने निवडलेली नाही, वेगवेगळ्या धर्मांच्या मतदारसंघांतून आलेली आहे, तेव्हा आधी संयुक्त मतदारसंघांतून नवी निवडणूक घ्या, मग संविधान करा. हरकत फेटाळली गेली. ऑक्टोबर 1949 मध्ये उद्देशिका आली तेव्हा त्यांनी दुरुस्ती सुचवली, की सोव्हिएत संघासारखा हिंदुस्तान हा समाजवादी प्रजासत्ताकांचा संघ असावा. तीही पडली. सभागृहात हशा पिकायचा, मौलाना पुढच्या दुरुस्तीचा कागद काढायचे.

त्यांचं एक म्हणणं आपल्यासाठी फार मोलाचं आहे. 1949 च्या मे महिन्यात अल्पसंख्याकांच्या राखीव जागांवर चर्चा चालली होती. मौलानांनी विचारलं की मुसलमानांना अल्पसंख्याक म्हणायचं कशाला? पक्ष जर धर्मावर उभे असतील तरच कुणी अल्पसंख्याक आणि कुणी बहुसंख्याक. पक्ष विचारांवर उभे राहिले तर मुसलमान कुठल्या ना कुठल्या विचाराच्या बाजूने असेल, कधी बहुमतात, कधी अल्पमतात, इतर नागरिकांसारखा. लीगच्या तिकिटावर आलेला माणूस हे बोलत होता. आम्हाला व्यक्तिशः वाटतं की इथे मौलानांचा अंदाज चुकला. राजकारण त्यांना हवं तसं विचारांवर उभं राहिलं नाही, आणि सच्चर समितीने 2006 मध्ये जे आकडे मांडले ते पाहता संरक्षणाची गरज नव्हती असं म्हणवत नाही. पण त्या म्हणण्यामागची ताठ मान आम्हाला हवीहवीशी वाटते. फाळणीनंतर दोन वर्षं झालेली नाहीत, दिल्लीतल्या कत्तलींच्या आठवणी ताज्या, मुसलमानाने गप्प बसावं अशी हवा. आणि हा माणूस उभा राहून स्वतःसाठी सवलत मागत नाही, बरोबरी मागतो.

24 जानेवारी 1950 ला सदस्यांनी संविधानाच्या प्रतींवर सह्या केल्या. मौलानांनी केली नाही. या संविधानाने माझं समाधान झालेलं नाही, मग सही कशी करू, एवढा साधा हिशेब. कुणी त्यांना देशद्रोही म्हटलं नाही, सभेबाहेर काढलं नाही. ते नंतरही तितक्याच हक्काने बोलत राहिले. आज कुणी सही न करण्याचा असा किस्सा सांगितला तर पहिला प्रश्न काय येईल, ते वाचकांना सांगायला नको. ज्या सभेत विरोधाचे असे आवाज नोंदवले गेले, छापले गेले, त्या सभेचं पुस्तक म्हणून आम्हाला आपलं संविधान अधिक जवळचं वाटतं. संविधान सभेच्या चर्चांचे खंड आज कुणालाही वाचता येतात. त्यात मौलानांची भाषणं आहेत, अडवल्याच्या नोंदी आहेत, आणि त्यांचं पुन्हा उभं राहणंही आहे.

1950 मध्ये त्यांनी शेवटचा हज केला. परत आले ते थकून. 13 मे 1951 रोजी लखनौमध्ये त्यांचं इंतकाल झालं. मागे ना जमीन, ना बँकेत पैसा. गझलांचे दीवान तेवढे होते, त्यातल्या कितीतरी तुरुंगात रचलेल्या. लखनौच्या अन्वर बाग कब्रस्तानात, फिरंगी महलच्या आपल्या बुजुर्गांजवळ त्यांना दफन केलं.